दुसरा पट्टा

६ जुलै

भिंगरी,

पार्सल पोचलं. घड्याळ, छातीला बांधायचा पट्टा आणि तसाच आणखी एक पट्टा. दुसरा कशाला हे मला कळलं नव्हतं, मग तुझी चिठ्ठी सापडली: एक बिघडला तर असू दे, दोन्ही घड्याळाला जोडून दिलेत, जो आधी सापडेल तो ते घेईल. बरं. दुसरा बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिलाय, चिठ्ठीसकट.

आधीच सांगून टाकते, डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हटलं म्हणून मी तुला विचारलं. धावपटू व्हायची हौस मला सेहेचाळिसाव्या वर्षी आलेली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर स्टुलावर बसून मी काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. त्यात हलतात ती फक्त बोटं. घरातलं पळणं सगळं तुझ्याच वाट्याला गेलं होतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नकोस.

फोन मात्र करू नकोस. घड्याळातले आकडे आपोआप तुझ्याकडे येतीलच, "कसं वाटलं" ते मी रविवारी लिहीत जाईन. घर तुला माहीत आहे. या खोलीत शिंकलं की त्या खोलीतून "औषध घे" असं येतं. बाबांसमोर तुझं नाव अजूनही निघत नाही. "माझ्या पहिल्या प्रशिक्षकांना घड्याळ कळायचं, माणूस कळायचा नाही" हे तुझं वाक्य पेपरात छापून आलं त्याला सहा वर्षं होतील. ज्या माणसाने उभं आयुष्य शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन काढलं, त्याला ते वाक्य ओळखीच्या प्रत्येकाने येऊन वाचून दाखवलं. तेव्हापासून तू नुसती "ती". घड्याळ कुठून आलं हे त्यांनी विचारलं नाही, मीही ताकास तूर लागू दिली नाही. त्यांना यात काही पडलेली नाही.

पहिल्या दिवसाचा अहवाल. तू म्हणालीस, ठोके एकशे पंचवीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. अगं, मी बुटाची नाडी बांधायला वाकले तरी शंभर होतात. पळायला लागले आणि मैदानाचं फाटक मागे पडायच्या आत घड्याळ बोंबलायला लागलं. मग चालले. ठोके उतरले की पळायचं, चढले की चालायचं, असं करत दोन फेऱ्या झाल्या. कसं वाटलं? लाज वाटली.

तुझी
ताई

२० जुलै

भिंगरी,

झोनचं प्रकरण आता डोक्यात शिरलं. पाच झोन, पाच रंग. पहिला नुसता चालण्याचा. दुसरा, झोन टू, म्हणजे पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तिसऱ्यात वाक्य तुटतं, चौथ्यात एखादा शब्द निघतो आणि पाचव्यात माणूस फक्त देवाला हाक मारतो. आठवड्यातले चार दिवस दुसऱ्यात राहायचं, एक दिवस थोडा वेळ चौथ्यात जाऊन यायचं. वेगाकडे बघायचं नाही, तो आपल्या पायांनी येईल. तू हे सगळं फार शहाण्यासारखं लिहितेस. पण सकाळच्या वेळी पोट सुटलेले सगळे काका मला मागे टाकून जातात, तेव्हा शहाणपण टिकवणं अवघड जातं.

आता एक कबूल करते. बाबांना काही पडलेली नाही असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. ते त्याच मैदानावर रोज चालायला येतात. पहिल्या आठवड्यात ते मला लांबून बघत होते. मग एक दिवस जवळ आले आणि म्हणाले, "हे पळणं आहे की भाजी निवडणं?"

मी म्हटलं, "बोलता आलं पाहिजे इतकंच पळायचंय."

"पळताना जो बोलतो तो पळतच नसतो."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या शेजारी. माझं पळणं म्हणजे त्यांचं भरभर चालणं, त्यामुळे जोडी बरोबर जमते. म्हणाले, "बोलता आलं पाहिजे ना? मग बोल."

काय बोलायचं? मी दुकानातल्या गोष्टी सांगायला लागले. परवा एका बाईंनी चष्मा परत आणला, नंबर चुकलाय म्हणून. बघितलं तर नवऱ्याचा घालून आल्या होत्या. बाबा हसले. आई गेल्यापासून आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं या दोन आठवड्यांत बोललो. तुझ्या झोन टूचा हा फायदा तुझ्या तक्त्यात नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी ते पेपर तोंडासमोर धरतात आणि विचारतात, "आज काय सांगितलंय?" कोणी सांगितलंय ते विचारत नाहीत. मी तुझा मेल मोठ्याने वाचते, स्वतःशीच वाचल्यासारखा. तेवढा वेळ पेपरचं पान उलटत नाही.

ताई

१० ऑगस्ट

भिंगरी,

तू खूश आहेस हे वाचून बरं वाटलं. ठोके तेवढेच आणि वेग वाढलेला, म्हणजे इंजिन सुधारतंय, असं तू लिहिलंस. दुकानात सगळ्यांना सांगून झालं. मालक म्हणाले, "मग उद्यापासून लवकर या."

आता तुझ्या तक्रारी. आकडे मध्येच तुटतात म्हणतेस. पट्टा घट्ट बांधला, पाण्याने ओला करून बांधला, रोज घरी आल्यावर धुऊन वाळत घालते. तरी काही दिवस अखंड येतात आणि काही दिवस भोकं पडतात, याला मी काय करू? आणि गुरुवारी नुसतं चालताना एकशे अठ्ठावन्न, मग एकदम नव्वद, मग पुन्हा एकशे पन्नास, तेव्हा काय होत होतं असं विचारलंस. काही होत नव्हतं. मी बाबांना दुकानातल्या नव्या मशिनबद्दल सांगत होते. धाप नाही, घाम नाही, छातीत काही नाही. "एक दिवस तुझं हृदय पंचेचाळीसचं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच कुणाचं," हे तुझं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं नाही. बाकीचं दाखवलं: हा आठवडा पळणं बंद, फक्त पहिल्या झोनमध्ये चालायचं.

त्यावर बाबा म्हणाले, "सांगितलंय तर ऐकायचं." हे बाबा म्हणाले. आठवडाभर ते माझ्याबरोबर इतके हळू चालले की मलाच कंटाळा आला.

ताई

२४ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं म्हणणं ऐकलं आणि डॉक्टरकडे जाऊन आले. "उशीर करू नकोस" हे तू दोनदा लिहिलंस, म्हणून दुकानातून सुट्टी काढली. बाबा बरोबर आले. मी नको म्हणत होते, पण त्यांनी आधीच चप्पल घातली होती. मला आत घेतलं, तारा लावल्या, मग सरकत्या पट्ट्याच्या मशिनवर पळवलं, आणि बाबा बाहेर बाकावर बसून राहिले.

काहीही निघालं नाही. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, घड्याळ बदला." तेव्हा प्रशिक्षकबाई, उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं. शेळी ठणठणीत आहे. परतताना बाबांनी माझी पिशवी घेतली आणि "नक्की काही नाही ना?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, नक्की.

अहवालाचा फोटो पाठवला होता, त्यावरचं तुझं कालचं उत्तरही वाचलं. "ताई, अहवाल चांगला आला याचा आनंद आहे, पण ते ठोके खोटे नव्हते. घड्याळ बिघडल्यावर असे बिघडत नाहीत. हे कुणाचं तरी खरं हृदय आहे." मग कुणाचं, शेजाऱ्यांचं? विश्रांती घे जरा. दिवसभर दुसऱ्यांची हृदयं बघून तुझं डोकं फिरलंय.

ताई

२९ ऑगस्ट

भिंगरी,

आज रविवार नाही, तरी लिहितेय, दुकानातून. मालकांना सांगितलं की पंधरा मिनिटं काच हातात घेणार नाही. रागात घासली तर फुटेल.

सकाळी मी पट्टा दोरीवरच विसरले. मैदानावर पोचल्यावर लक्षात आलं. म्हटलं असू दे, वेळ तरी कळेल, म्हणून घड्याळ चालू केलं. ते नेहमीसारखं शोधत बसलं, मग वाजलं, आणि आकडा आला. एकशे एक्कावन्न.

मी फाटकाशी उभी होते. हललेही नव्हते. छातीवर हात लावून बघितला, पट्टा नाहीच. हे तुझं जुनं घड्याळ मनगटावरून काही मोजत नाही, सगळं पट्ट्यावर, हे तूच सांगितलं होतंस. मागे बाबा भिंतीला हात टेकून पाय ताणत होते. मी चालत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले. आकडा गेला. परत आले. एकशे चौतीस, मग एकशे साठ.

मी म्हटलं, "बाबा, शर्टाची वरची बटणं काढा."

"लोक बघतायत."

"बघू देत."

दुसरा पट्टा त्यांच्या छातीवर होता. नीट बांधलेला, ओला केलेला, माझ्यापेक्षा चांगला.

"कधीपासून?"

"तू बडबड करायला लागलीस तेव्हापासून."

ज्या दिवशी घड्याळाला आधी ते सापडले, त्या दिवशी तुझ्याकडे त्यांचं हृदय आलं. ज्या दिवशी मी सापडले, त्या दिवशी माझं. ते पुढे गेले की आकडे तुटायचे. मी पट्टा घासूनपुसून धूत होते आणि तू मला विश्रांती घ्यायला लावत होतीस.

मी विचारलं, छातीत काय होतंय? म्हणाले, उन्हाळ्यापासून फडफडतं. अधूनमधून, कधी अर्धा तास, कधी दिवसभर. जिना चढताना डोळ्यांसमोर अंधारी येते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मग डॉक्टरांना सांगायचं."

दोन पोरं पळत शेजारून गेली, बाबांनी सवयीने त्यांच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "चिठ्ठी वाचली होती मी. जो सापडेल तो ते घेतं. म्हटलं, तिला दिसेल. दिसलं तर तिला कळेल."

"तिला कळलंच. तिने मला डॉक्टरकडे धाडलं. मी आत तारा लावून पडले होते आणि तुम्ही बाहेर बसून होतात."

"तुझं नीटच निघणार हे मला माहीत होतं."

"मला नव्हतं माहीत."

मागच्या पत्रात मी तुला शेळी आणि उंट लिहिलं. खरं सांगू? तपासणीच्या आदल्या दिवशी मी बाबांना कपाटाच्या किल्ल्या, विम्याचे कागद, गॅसवाल्याचा नंबर, सगळं दाखवून ठेवलं होतं. मी मेले तर यांचं कसं होणार एवढाच विचार डोक्यात होता. ते हो हो म्हणत सगळं बघत होते. तेव्हाही त्यांनी सांगितलं नाही. हे मला सहन होत नाही.

आणि दुसरंही सहन होत नाही, तेही लिहिते. सहा आठवडे तू बाबांना शिकवत होतीस. चालायचं म्हणालीस, ते चालले. थांब म्हणालीस, ते थांबले. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला माणूस रोज सकाळी पेपरआड बसून तुझं ऐकत होता. मी शेजारी असते, स्वयंपाक मी करते, औषधं मी आणते, आणि छाती मात्र त्यांनी तुला दाखवली. मला हेवा वाटला. तुम्हा दोघांचे निरोप पोचवत आले ते एक ठीक. या वेळी तुम्ही माझं मनगटच वापरलंत.

असो. कामाचं बोलू. त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "तिला विचार काय करायचं ते." मी विचारणार नाही. माझ्यामार्फत आता काही होणार नाही. घरचा फोन तोच आहे, जेवायला ते एक वाजता बसतात. तू त्यांना सांग. आजच.

ताई

१४ सप्टेंबर

भिंगरी,

मधल्या दोन रविवारी लिहिलं नाही, कारण तुझं-माझं रोजच बोलणं चाललं होतं. पण काही गोष्टी फोनवर सांगता आल्या नाहीत, ते शेजारीच बसलेले असायचे.

तुझा पहिला फोन आला त्या दुपारी मी मुद्दाम घरी गेले होते. त्यांनी उचलला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, त्यांचं तेवढं आलं. आधी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग "हं." मग "कधी?" मग "आज जेवण व्हायचंय." आणि मग "बरं."

बाबांनी आजवर कुणाला "बरं" म्हटलेलं मी या घरात ऐकलं नव्हतं. फोन ठेवला, ताट तसंच झाकलं आणि म्हणाले, "चल." मी चप्पल शोधेपर्यंत ते जिन्याच्या खाली पोचले होते. हळू उतरा म्हणून मी ओरडले.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुला माहीत आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्याने आत रक्त साकळतं, आणि तशी गाठ मेंदूकडे गेली तर माणूस अर्ध्या अंगाने लुळा पडतो. असं किती दिवस चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा बाबा माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, आलात ते फार चांगलं केलंत, जिन्यात पडून आला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. मी तेव्हा खाली बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बाबांना दिसायला नको होतं.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ठोके आवरायची दुसरी. फडफड अजून येते, पण आकडा शंभराच्या आत राहतो. आता घड्याळ त्यांच्या मनगटावर आहे. माझा पट्टा मी घरीच ठेवते, मला झोन टू आता बोलण्यावरूनच कळतो.

तू त्यांच्या नावाने वेगळा तक्ता पाठवलास, ते योग्य केलंस. त्याच्यावरून परवा तुमचं जे भांडण झालं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. वीस मिनिटं का, पंचवीस का नाहीत. शंभर का, एकशे दहा का नाहीत. तुझा आवाज फोनबाहेर येत होता, त्यांचा रस्त्यावर जात होता. मला धास्ती वाटली, हे दोघं परत सहा वर्षं मागे जातात की काय. तेवढ्यात तू काहीतरी म्हणालीस आणि त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाले, "ठीक आहे. वीस." तू काय म्हणालीस ते मी विचारत नाही. सांगू नकोस, ते तुमच्या दोघांचं.

काल मैदानावर वीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही पार पलीकडच्या टोकाला होतो. ते तिथेच थांबले. तुला रडत रडतसुद्धा फेरी पुरी करायला लावणारे हे आपले बाबा. मी म्हटलं, फाटकापर्यंत तर जायलाच हवं, अर्धी फेरी राहिलीय. म्हणाले, "वीस सांगितलंय." आणि कट्ट्यावर बसले. आम्ही ठोके उतरायची वाट बघत बसलो, मग रमतगमत परत आलो.

बसल्या बसल्या घड्याळाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "तिचे किती असतात गं?"

मला कळलं नाही.

"बसल्यावर. सकाळी उठल्यावर. पळत होती तेव्हा अठ्ठेचाळीस असायचे. आता किती?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, तुमचं रोज बोलणं होतं, तुम्हीच विचारा.

म्हणाले, "फोनवर कसं विचारणार?"

म्हणून मी विचारतेय. निरोप पोचवणार नाही म्हटलं होतं, पण हा एक पोचवते. उद्या सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठायच्या आधी मोज, आणि त्यांना कळव.

ताई